नोकरी न सोडता बी.एड. जमेल का? साखर कारखान्यात केमिस्ट आहे, शिक्षक व्हायचंय

गाळप_हंगाम

नमस्कार मंडळी. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यात मी लॅब केमिस्ट आहे. वय ३१, शिक्षण एम.एस्सी. केमिस्ट्री. रसाचा ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ) बघणं, पोल (साखरेचं प्रमाण) काढणं, मळीचे नमुने तपासणं हे रोजचं काम. घरी आई-वडील, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. कमावता मी एकटाच, त्यामुळे राजीनामा देऊन दोन वर्षं कॉलेजात बसणं शक्य नाही.

पण शिकवायचं आहे, हे आता नक्की आहे. हंगामात कारखान्याच्या तळावर ऊसतोड कुटुंबांच्या खोपी पडतात. मराठवाड्यातून आलेली पोरं दिवसभर फडात नाहीतर तळावर असतात. आठ ते चारची पाळी असली की सुटल्यावर मी तिकडे जाऊन बसतो. त्यांतल्या एकाचं नाव गावाकडच्या शाळेत चौथीला आहे. वहीत भागाकार मांडून दिला तर पेन्सिल खाली ठेवतो. पण बापाने मुकादमाकडून उचल किती घेतली, टनाला काय दर मिळतो आणि अजून किती टन तोडले की उचल फिटेल, हे तोंडी सांगतो आणि बरोबर सांगतो. मग मी तोच हिशोब त्याच्याकडून वहीत लिहून घेतला आणि खाली रेघ मारून म्हटलं, हाच भागाकार. त्या दिवसापासून तो रोज माझ्या आधी येऊन बसलेला असतो. हे काम मला आयुष्यभर करायचं आहे, आणि रीतसर पात्र होऊन करायचं आहे.

आता अडचण. माहिती जेवढी काढावी तेवढा गोंधळ वाढतोय. मुक्त विद्यापीठातून घरबसल्या बी.एड. होतं असं एक जण सांगतो. दुसरा म्हणतो डी.एड. कर, ते सोपं. आणि एका एजंटने सरळच सांगितलं की फी भरा, कॉलेजला फक्त परीक्षेपुरतं या, हजेरीचं आम्ही बघतो. माझं मन त्याला तयार नाही, पण ओळखीतले दोघे जण अशाच मार्गाने गेलेत.

नोकरी करत करत हे खरंच कोणी केलं असेल तर कसं केलं ते सांगा. पहिली ते दहावीपैकी कुठला वर्ग, हे मी अजून ठरवलेलं नाही. त्याने काही फरक पडतो का?


पाठनिरीक्षक

तुमचा शेवटचा प्रश्न खरं तर पहिला आहे. वर्ग ठरवल्याशिवाय अभ्यासक्रम ठरत नाही. मी बी.एड. महाविद्यालयात शिकवतो. दरवर्षी असे विद्यार्थी भेटतात ज्यांनी आधी प्रवेश घेतला आणि मग विचारलं की यावर मला कुठे शिकवता येईल.

पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. लागतं, म्हणजे पूर्वीचं डी.एड. २०१८ साली एनसीटीईने, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, अधिसूचना काढून बी.एड.वाल्यांनाही प्राथमिकला पात्र ठरवलं होतं. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल केली. त्यामुळे आता बी.एड. करून पहिली ते पाचवीला अर्ज करता येणार नाही. सहावी ते आठवीला पदवी, बी.एड. आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर. नववी-दहावीला त्या विषयातली पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. तुमची एम.एस्सी. आहे, तेव्हा एका बी.एड.मुळे सहावीपासून बारावीपर्यंतची दारं उघडतात. ज्या मुलाबद्दल तुम्ही लिहिलंय तो चौथीतला आहे. त्याच वयाची मुलं शिकवायची असतील तर मात्र डी.एल.एड.ला पर्याय नाही, तुमची एम.एस्सी. असली तरीही.

आता घरबसल्या बी.एड.बद्दल. दूरशिक्षणाने बी.एड. आहे, मान्यताप्राप्त आहे, पण ते तुमच्यासाठी नाही. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमावलीत त्याचे पात्र उमेदवार स्पष्ट लिहिलेत: प्राथमिक शाळेत सेवेत असलेले प्रशिक्षित शिक्षक, किंवा ज्यांनी शिक्षक प्रशिक्षणाचा एखादा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून पूर्ण केलाय ते. इग्नूच्या बी.एड.ला हीच अट आहे. कारखान्यातल्या केमिस्टला तिथे प्रवेश नाही, मग कोणी काहीही सांगो.

राहिलं नियमित बी.एड. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. वर्षाला कामाचे किमान २०० दिवस, आठवड्याला किमान ३६ तास. हजेरी ८० टक्के, आणि शाळेतल्या आंतरवासितेला (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला) ९० टक्के. आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची: पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. या १६ आठवड्यांत तुम्ही शाळेतल्या शिक्षकांसारखेच सकाळी हजर असता, परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत.

एजंटच्या बोलण्यात हेच २० आठवडे गायब होतात. वर्गातली हजेरी खोटी, पाठांच्या वह्या दुसऱ्याने लिहिलेल्या, शाळेचा दाखला कोणाच्या तरी ओळखीने आणलेला. अशा कॉलेजची मान्यता एनसीटीईने काढून घेतली तर पैसे भरलेला विद्यार्थी रस्त्यावर येतो. आणि मान्यता टिकली तरी पुढे ज्या मुलांसमोर तुम्ही उभे राहाल, त्यांच्यावर तुमचं पहिलं शिकणं होणार. कळकळीने सांगतो, त्या वाटेला जाऊ नका. कुठल्याही कॉलेजचं नाव आलं की ते एनसीटीईच्या पश्चिम विभागीय समितीच्या मान्यता यादीत आहे का आणि तुम्ही प्रवेश घेताय त्याच अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे संकेतस्थळावर स्वतः बघा. परराज्यातलं कॉलेज असेल तर दोनदा बघा.


रानपाखरू

भाऊ, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा द्विशिक्षकी. वरच्या सरांनी सांगितलेला दूरशिक्षणाचा रस्ता मी स्वतः चाललेय, म्हणून तो कोणाला उपयोगी पडतो ते सांगते.

बारावीनंतर माझं डी.एड. झालं आणि नोकरी लागली. पदवी नोकरीत असताना घेतली. त्यानंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं सेवांतर्गत बी.एड. केलं. आमच्या केंद्रावर संपर्क सत्रं सुट्टीच्या काळात असायची. बाकीचे दिवस शाळा सुटली की स्वाध्याय लिहायचे. पाठ आपल्याच शाळेत घ्यायचे आणि त्यांचं निरीक्षणही व्हायचं. हे जमलं, कारण माझी नोकरीच वर्गातली होती. सकाळी वाचलेलं दुपारी मुलांवर करून बघता यायचं. तुम्ही आधी दोन वर्षं पूर्णवेळ डी.एल.एड. आणि मग दूरशिक्षणाने बी.एड. असा हिशोब करत असाल तर चार वर्षं जातील. सहावीच्या पुढे शिकवायचं असेल तर त्यात अर्थ नाही.

पण लहान मुलांनाच शिकवायचं असेल तर डी.एल.एड.ला कमी समजू नका. "सोपं" म्हणणाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात आठवडाभर उभं राहून दाखवावं. अक्षर न ओळखणाऱ्या मुलाला वाचतं करणं ही स्वतंत्र विद्या आहे. प्रवेशाला बारावीत खुल्या गटाला ४९.५ टक्के आणि मागासवर्गीयांना ४४.५ टक्के लागतात. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि तोही पूर्णवेळच.

टीईटी मात्र पहिली ते आठवीला कोणालाच सुटत नाही. आम्ही जुने शिक्षक इतकी वर्षं निर्धास्त होतो. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सांगितलं की सेवा पाच वर्षांहून जास्त शिल्लक असेल तर दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागेल. माझी सेवा त्याहून बरीच उरलीय. त्यामुळे रात्री पोरांचं आवरलं की मीही बालमानसशास्त्र घेऊन बसते. सुरुवातीला राग आला होता, आता येत नाही. काही गोष्टी मी वर्षानुवर्षं करत होते, त्या का लागू पडतात ते आता कळतंय.

आणि तळावरच्या त्या पोरांबद्दल एक सांगायचंच आहे. स्थलांतर करून येणाऱ्या मुलांना गावाकडची शाळा शिक्षण हमी कार्ड देते. ते घेऊन मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. कार्ड नसलं तरी शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश नाकारता येत नाही. कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, पोरांची नावं आणि त्यांच्या मूळ शाळेची माहिती लिहून न्या. तुम्ही संध्याकाळी शिकवता ते चालूच ठेवा, पण त्यांचा दिवस शाळेत गेला पाहिजे. पालक बऱ्याचदा म्हणतात की धाकट्याला सांभाळायला थोरली लागते. मग धाकट्याला अंगणवाडीत घेता येतंय का तेही विचारा. मुली त्यामुळेच मागे राहतात.


वर्गशिक्षिका

याच धाग्यात माझंही विचारते. मी एका खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीच्या वर्गावर आहे. बी.कॉम. झालंय, शिक्षक प्रशिक्षण काहीच नाही. शाळा दरवर्षी म्हणते, लवकर कोर्स पूर्ण करा. एनआयओएसचं (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं) अठरा महिन्यांचं डी.एल.एड. नोकरीत असलेल्यांसाठी होतं असं ऐकलं. ते अजून चालू आहे का?


पाठनिरीक्षक

नाही. ती एकवेळची सोय होती. २०१७ साली शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती करून, आधीच सेवेत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांना पात्रता मिळवायला ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत दिली होती. एनआयओएसचा तो अभ्यासक्रम त्यासाठीच होता. आज त्या नावाने कोणी प्रवेश देत असेल तर पैसे देऊ नका. दुसरीच्या वर्गाला तुमच्यासाठी नियमित डी.एल.एड. हाच मार्ग. शाळेला खरंच तुम्ही हव्या असाल तर दोन वर्षांनी परत घेण्याचं लेखी मागा. वरच्या वर्गांकडे वळायचं असेल तर बी.एड., पण मग विषय कोणता हे आधी ठरवा.


शास्त्र_मेथड

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली, कारण मी याच रस्त्याने आलोय. मी दूध संघाच्या लॅबमध्ये होतो. फॅट, एसएनएफ, भेसळीच्या चाचण्या. आता एका अंशतः अनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. नोकरी पूर्ण न सोडता नियमित बी.एड. करता येतं. पण नोकरीचे तास बदलावे लागतात, काही काळ पगार सोडावा लागतो आणि घरच्यांशी सगळं आधी स्पष्ट बोलावं लागतं. या तिन्ही गोष्टी केल्या तर हजेरी खरी राहते.

मी काय केलं ते सांगतो. पहिल्या वर्षी साहेबांना भेटून कायमची रात्रपाळी मागून घेतली. रात्रपाळी कोणालाच नको असते, त्यामुळे ती लगेच मिळाली. सकाळी घरी येऊन झोपायचं आणि अकराला कॉलेज. माझ्या गावापासून कॉलेज बसने जवळ होतं म्हणून हे निभलं. लांबचं कॉलेज असतं तर झोप बसमध्येच झाली असती. तेव्हा कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीला, पसंतीक्रम भरताना नाव बघू नका, अंतर बघा. दुसऱ्या वर्षीच्या आंतरवासितेला मात्र बिनपगारी रजा घेतली. त्या महिन्यांचा घरखर्च आधीच बाजूला काढला होता, आणि बायकोने शिवणकाम वाढवलं. रजेचा अर्ज लेखी, मंजुरी लेखी, कारण स्पष्ट लिहिलेलं. तोंडी परवानगीवर विसंबू नका, साहेब बदलतात.

आणखी एक कागदाची गोष्ट. नियमित बी.एड. आणि पूर्णवेळ नोकरी एकाच काळात दिसली की कागदपत्र पडताळणीत प्रश्न निघतो. म्हणून कंपनीचं ना हरकत प्रमाणपत्र घ्या, कॉलेजला नोकरीबद्दल सांगून ठेवा, आणि त्या दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभवाचा दाखला पुढे कुठेही लावू नका. तुम्हाला त्याची गरजही पडणार नाही.

तुमच्या बाबतीत एक फायदा आहे, तो नीट वापरा. तुमचं काम हंगामी स्वरूपाचं आहे. गाळप साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. बिगर हंगामात लॅबला तेवढा ताण नसतो, रजाही सहज मिळते. म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजला एकच गोष्ट विचारा: सोळा आठवड्यांची आंतरवासिता कोणत्या सत्रात घेता? आमच्याकडे ती तिसऱ्या सत्रात होती. ती पावसाळ्यात सुरू झाली तर तिचा बहुतेक भाग गाळप चालू होण्याआधी संपेल. तीच चौथ्या सत्रात असली तर ऐन हंगामात येईल आणि तुमची फार ओढाताण होईल. प्रवेश प्रक्रिया लांबली की सत्रंही पुढे सरकतात, तेही गृहीत धरा. हंगामात रात्री बारा ते सकाळी आठची पाळी घेऊन दिवसा कॉलेज करता येईल. पण गाळप चालू असताना लॅबमध्ये रात्रीही दर तासाला नमुना येतो, तेव्हा रात्री डुलकी मिळेल या भरवशावर राहू नका. ८० टक्के हजेरी म्हणजे २०० पैकी १६० दिवस, आंतरवासितेच्या दिवसांत त्याहून जास्त. उरलेले दिवस हंगामासाठी राखून ठेवा, मे-जूनमध्ये लग्नांना उधळू नका.

हे सगळं कशासाठी, तर त्या आंतरवासितेसाठी. लोक तिला कटकट समजतात. मला आठवीच्या वर्गावर आम्ल-आम्लारीचा पाठ दिला होता. टाचण तपासून घेतलं होतं, उद्दिष्टं, साहित्य, फलक लेखन, सगळं जागच्या जागी. लिंबाचा रस, चुन्याची निवळी, लिटमसच्या दोन रंगांच्या पट्ट्या. मी लाल पट्टी हातात घेतली तोच मधल्या बाकावरची मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, ही तर आधीच लाल आहे. आम्लात बुडवून काय कळणार?"

उत्तर मला येत होतं. एम.एस्सी. झालेल्या कोणालाही येईल. पण सूक्ष्म अध्यापनाच्या (सरावाच्या छोट्या) पाठांत आमच्या मॅडमनी एक सवय लावली होती: मुलाचा प्रश्न आला की तो आधी वर्गाकडे परत द्यायचा. मी पट्टी तिच्याच हातात दिली. तिने ती लिंबाच्या रसात बुडवली. लालच राहिली. मग मी साधं पाणी पुढे केलं. पुन्हा लालच. वर्ग गप्प झाला. मागून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे लालवरून कळतच नाही, पाणी आहे का लिंबू." मग त्यांनीच निळी पट्टी मागितली. लिंबात ती लाल झाली, पाण्यात निळीच राहिली. दोन पट्ट्या का लागतात हे मी एकदाही सांगितलं नाही, फळ्यावर फक्त त्यांनी सांगितलेला तक्ता मांडला. मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकांनी माझ्या वहीत लिहिलं होतं, "उत्तर देण्याआधी थांबलात." अजूनही वर्गावर जाताना ते वाक्य मला सोबत करतं.

लॅबमध्ये मी रोज पीएच मोजत होतो. पण पट्टी आधीच लाल आहे, मग काय कळणार, हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. हे एजंटकडून विकत मिळत नाही.

आता पैशाचं, कारण तुमचं घर तुमच्या पगारावर चालतं. अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. १ जानेवारी २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,००० रुपये आहे. त्याआधी ते ६,०००, ८,००० आणि ९,००० होतं, म्हणजे सुधारणा झालीय, पण तुमच्या आजच्या पगारापेक्षा ते कमीच असणार. तीन वर्षांनी वेतनश्रेणी लागते. खाजगी विनाअनुदानित शाळेत पगार संस्थेवर अवलंबून. म्हणून बी.एड. झालं की लगेच कारखाना सोडायचा नाही. नेमणुकीचा आदेश हातात पडेपर्यंत लॅबमध्येच राहा.

आदेश मिळायचा मार्ग असा: सहावी ते आठवीला टीईटी, आणि नववीच्या पुढेही पवित्र पोर्टल या राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून भरतीसाठी टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. नावं सारखी वाटतात म्हणून गल्लत होते. टीईटी पात्रता ठरवते, त्यात १५० पैकी ६० टक्के लागतात, मागासवर्गीयांना ५५, आणि एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. टेट २०० गुणांची, १२० मिनिटांची, त्यात पास-नापास नाही, गुणांवर क्रम लागतो. आणि ती दरवर्षी होत नाही: २०१७ ला झाली, मग थेट २०२३ ला, मग २०२५ ला. २०२५ ला बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला बसलेल्यांनाही परवानगी होती. तेव्हा अंतिम सत्रात असताना जाहिरात आली तर "आधी बी.एड. होऊ दे" म्हणून सोडू नका, पुढची कधी येईल याचा भरवसा नाही. सीबीएसईची सीटीईटी, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षाही शिकत असतानाच देऊन ठेवा. वयाचंही बघा. खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा आहे. तुम्ही ३१ चे आहात, दोन वर्षं बी.एड.ची धरली तरी वेळ आहे, पण आणखी दोन-तीन वर्षं विचार करण्याएवढा नाही.


गाळप_हंगाम

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, शिक्षण हमी कार्डाचं मला माहीतच नव्हतं. उद्या पाळी सुटली की मुख्याध्यापकांकडे जातो. थोरली धाकट्याला सांभाळते हे तुम्ही न बघता बरोबर लिहिलंत, तळावर तीन घरांत हेच आहे.

काल बायकोशी बोललो. ती म्हणाली, रजेच्या महिन्यांचं आपण आतापासून बाजूला काढू, पण रात्रपाळी दोन्ही वर्षं नको, तब्येत जाईल. ते मला पटलं. सहावी ते दहावी विज्ञान, हे ठरलं. एजंटला फोन करून नको म्हणून सांगितलं.

सर, दोनच गोष्टी. बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, अभ्यास नोकरीत असताना कसा करू? आणि बी.एड.ला शिकवण्यासाठी निवडायच्या दोन विषयांत, म्हणजे मेथडमध्ये, शास्त्रासोबत काय घेऊ? इंग्रजी घे असं एका मित्राचं म्हणणं आहे, इंग्रजीच्या शिक्षकाला मागणी असते म्हणून.


शास्त्र_मेथड

सीईटीला घाबरण्यासारखं काही नाही. १०० प्रश्न, ९० मिनिटं: बौद्धिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. चुकलं तर गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. बौद्धिक क्षमतेचे ४० तुम्हाला जड जाणार नाहीत, फक्त घड्याळ लावून सराव करा. अभियोग्यतेचे प्रश्न वर्गातल्या प्रसंगांवर असतात, तिथे तळावरच्या मुलांना आठवून उत्तर द्या. इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजला जायचं असेल तर त्याची वेगळी चाचणी अर्ज भरतानाच निवडावी लागते. पदवीला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर वगैरे जे तुम्हाला लागू असेल ते आतापासून काढायला टाका. लोकांचे प्रवेश अभ्यासामुळे कमी आणि कागदामुळे जास्त अडतात.

मेथडचं म्हणाल तर गणित घ्या. तुमच्या पदवीत गणित कितपत होतं ते कॉलेजला दाखवा, ते विद्यापीठाच्या नियमाने सांगतील. टीईटीच्या दुसऱ्या पेपरला गणित-विज्ञान हा ६० गुणांचा एकच भाग आहे, त्यामुळे अभ्यास एकाच दिशेने होतो. आणि गावाकडच्या लहान शाळेत विज्ञानाचा शिक्षक गणिताचे तास घेतोच, मग ते शिकवायचं कसं हेही शिकूनच जावं. पदवीला विषय नसताना इंग्रजी मेथड मिळणं अवघड, आणि मिळाली तरी नेमणुकीला पदवीचा विषय बघतात.


पाठनिरीक्षक

गणिताला माझाही दुजोरा. मेथड प्रवेशानंतर कॉलेजात ठरते आणि प्रत्येक मेथडला जागा मर्यादित असतात. म्हणून प्रवेश पक्का करायला जाल त्याच दिवशी शास्त्र आणि गणित असा लेखी पसंती अर्ज देऊन पोच घ्या. आणि जाताना बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका न्या, फक्त शेवटच्या वर्षाची नको. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला गणित होतं का ते त्यातूनच दिसतं.